उपसागरातलंच पाणी: मॉन्टेरेचं मत्स्यालय घरच्यांसोबत

बे एरियातल्या मराठी घरी आई-बाबा काही महिन्यांसाठी राहायला आले की त्यांना कुठे कुठे फिरवायचं हे जवळपास ठरलेलं असतं. गोल्डन गेट, लिव्हरमोरचं देऊळ, योसेमिटी आणि मॉन्टेरे. पहिल्या तिन्ही ठिकाणी आधी काही वाचून जायची गरज पडत नाही. मॉन्टेरेला मात्र बहुतेक कुटुंबं घाईने एक फेरी मारतात, पेंग्विनसमोर फोटो काढतात आणि परतताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, "छान होतं, पण तिकीट फार बाई!"

तिकीट महाग आहे, त्यात वाद नाही. ते वसूल व्हावं असं वाटत असेल तर हे मत्स्यालय चालतं कसं, एवढं आधी माहीत असावं. मुंबईत वाढलेल्यांच्या डोळ्यांपुढे मत्स्यालय म्हटलं की 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं तारापोरवाला येतं. ओळीने टाक्या, टाकीवर माशाच्या नावाची पाटी, पुढे सरका. मॉन्टेरेचा बराचसा भाग अशा रीतीने मांडलेलाच नाही. खिडकीबाहेर जो उपसागर दिसतो त्याचेच तुकडे इथे आत आहेत: खडकाळ किनारा, केल्पचं जंगल, उघडा समुद्र, खोल दरी. बाहेर पाहायचं, मग आत पाहायचं, असं केलं की हे ठिकाण उलगडतं.

भोंग्यांचा रस्ता

मत्स्यालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव कॅनरी रो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदांतला मासा, डबाबंद करणारे कारखाने ओळीने उभे होते. बोटी भरून आल्या की भोंगा वाजे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा, त्यामुळे बोलावणं आपल्याला आहे की शेजारणीला हे कामगार बायकांना अंथरुणातच कळे. गिरणगावात आयुष्य काढलेल्या आजोबांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

1940 च्या दशकाच्या अखेरीस सार्डिन आटला. बेसुमार मासेमारी हे एक कारण, समुद्राच्या तापमानातले नैसर्गिक चढउतार हे दुसरं. कारखाने एकामागून एक बंद पडले. नॉर्वेहून आलेल्या नूट हॉवडेन यांचा कारखाना 1973 पर्यंत तग धरून राहिला आणि त्याच्याच जागेवर 20 ऑक्टोबर 1984 रोजी हे मत्स्यालय सुरू झालं. कारखान्याचे जुने बॉयलर प्रवेशाजवळ जपून ठेवले आहेत. मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेले बाबा तिथे हमखास रेंगाळतात.

जॉन स्टाइनबेक यांची 'कॅनरी रो' ही कादंबरी 1945 ची. त्या वेळी रस्त्याचं नाव ओशन व्ह्यू अ‍ॅव्हेन्यू होतं. कादंबरीवरून ते 1958 मध्ये बदललं. कादंबरीतला 'डॉक' ज्यांच्यावरून बेतला ते एड रिकेट्स हे सागरी जीवांचे अभ्यासक. त्यांची लाकडी प्रयोगशाळा मत्स्यालयाला लागूनच अजून उभी आहे. खडकांतल्या डबक्यात कोणता जीव कुठल्या उंचीवर राहतो, लाटांचा मार किती सोसतो, शेजारी कोण असतो, यावरून किनारा समजून घ्यायचा ही त्यांची पद्धत. मत्स्यालयातली दालनं जातीवार न लावता अधिवासांप्रमाणे लावण्यामागे याच विचाराचा वारसा दिसतो.

कल्पना निघाली 1977 च्या सुमारास, शेजारच्या हॉपकिन्स सागरी केंद्राशी संबंधित काही जीवशास्त्रज्ञांच्या गप्पांमधून. त्यांत नॅन्सी पॅकार्ड बर्नेट होत्या. त्यांचे वडील डेव्हिड पॅकार्ड हे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. पॅकार्ड दांपत्याने सुमारे साडेपाच कोटी डॉलर दिले आणि नॅन्सी यांच्या बहीण ज्युली पॅकार्ड यांनी पुढे अनेक दशकं संस्थेची धुरा सांभाळली.

पाणी येतं कुठून

समुद्रापासून दूर असलेल्या मत्स्यालयांत मीठ मिसळून खारं पाणी तयार करतात आणि तेच गाळून पुन्हा पुन्हा वापरतात. इथे नळ थेट उपसागरात गेलेले आहेत. मिनिटाला 2,000 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसात हजार लिटर पाणी आत ओढता येतं.

खरी गंमत वेळापत्रकात आहे. दिवसा प्रेक्षक असतात, त्यांना स्वच्छ दिसायला हवं, म्हणून पाणी गाळून सोडतात. रात्री दारं बंद झाली की गाळणी बाजूला ठेवून कच्चं पाणी येऊ देतात. त्या पाण्यातून प्लवक येतात, शेवाळाचे बीजाणू येतात, शिंपल्यांची, खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं येतात. काहींच्या पोटात जातात, काही खडकाला चिकटून तिथेच वाढतात. म्हणजे टाकीतल्या सगळ्याच रहिवाशांना कुणी पकडून आणलेलं नाही. पुष्कळसे आपल्या पायांनी, किंवा पायांशिवायच, आलेले आहेत. काचेच्या कडेला, खडकाच्या बेचक्यात, पाटीवर नाव नसलेलं काही हलताना दिसलं तर ते बहुधा असंच रात्रीच्या पाण्यातून आलेलं असतं. मुलांना हा शोध सोपवून द्यावा. पंधरा मिनिटं शांततेत जातात.

केल्पचं जंगल

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडावं, पण या टाकीसमोर बसावं. उंची 28 फूट, वर छत नाही, काचेची जाडी सुमारे 7 इंच. केल्प ही वनस्पती वाटते, पण ते शेवाळ आहे. तळाशी मुळांसारखा जो गुंता दिसतो तो फक्त खडक धरून ठेवण्यासाठी असतो. पाण्यातले क्षार शोषायचं काम पानांचं. प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचा लहानसा फुगा असतो, त्यामुळे अख्खी वेल पाण्यात सरळ उभी राहते. वाढ इतकी जलद की टाकीतसुद्धा दिवसाला चारेक इंच. पाणबुडे नेमाने आत उतरून छाटणी करतात, नाहीतर वरचा पसारा ऊन अडवून खाली अंधार करेल.

जिवंत केल्पचं जंगल इमारतीत वाढवून दाखवणारं हे पहिलं मत्स्यालय. त्यासाठी तीन गोष्टी जमवाव्या लागल्या: ऊन, थंड आणि पोषक पाणी, आणि सतत हलणारं पाणी. पहिली उघड्या छताने सुटली, दुसरी उपसागराने. तिसरीसाठी लाटा तयार करणारं यंत्र हवं होतं, ते डेव्हिड पॅकार्ड यांनी बिग सर इथल्या आपल्या लोहारकामाच्या शेडमध्ये स्वतः घडवलं. साठी-सत्तरी ओलांडलेला अब्जाधीश टाकीतल्या माशांसाठी हातोडा घेऊन बसला, हे मला त्यांनी दिलेल्या देणगीपेक्षा जास्त आवडतं.

त्या यंत्राचा परिणाम पाहण्यासारखा असतो. काही सेकंदांनी एक हेलकावा येतो. पानं एका बाजूला झुकतात, त्यांच्यामधले मासे पंख न हलवता तेवढेच सरकतात आणि परतीच्या ओढीबरोबर पुन्हा जागेवर येतात. त्या गर्दीत शीपहेड नावाचा मासा शोधा: काळं डोकं, मधला पट्टा तांबडा, शेपूट पुन्हा काळी, हनुवटी पांढरी. तो नर. हे मासे मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाले की त्यांतले काही नर होतात. खाली वाळूजवळ ठिपक्यांच्या लेपर्ड मुशी फिरत असतात.

दिवसात ठरावीक वेळी पाणबुड्या आत उतरून माशांना खाऊ घालतो आणि मुखवट्यातल्या माइकमधून प्रेक्षकांशी बोलतो. गर्दी तेव्हाच होते. जागा हवी असेल तर वीस मिनिटं आधी जमिनीवर बसून घ्यावं. मागे गुडघे धरणाऱ्यांसाठी कडेचे बाक बरे.

पाणमांजरं

इथली पाणमांजरं समुद्रातली. आपल्याकडच्या नदी-खाडीतल्या पाणमांजरांची चुलत भावंडं, पण अंगाने बरीच मोठी. थंड पाण्यात राहणाऱ्या इतर सस्तन प्राण्यांना कातडीखाली चरबीचा थर असतो. यांना तो नाही. ऊब टिकते ती केसांमुळे. शरीराच्या काही भागांवर एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस असतात आणि त्यांत हवा अडकलेली राहते. म्हणून पाणमांजर सतत अंग चोळत, गिरक्या घेत असतं. लोकांना तो खेळ वाटतो. पण त्याच्यासाठी ते स्वेटर नीट ठेवण्याचं काम आहे. शरीर तापतं ठेवायला इंधनही तसंच लागतं, रोज वजनाच्या जवळपास पाव हिस्सा अन्न.

याच केसांपायी त्यांची शिकार झाली. 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती थांबली, तोवर कॅलिफोर्नियातून पाणमांजरं नाहीशी झाली असंच बहुतेकांना वाटत होतं. 1938 मध्ये बिग सरजवळ बिक्सबी क्रीकच्या मुखाशी पन्नासेक प्राण्यांचा कळप लोकांच्या नजरेला आला. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारे तीन हजार आहेत, ती त्यांचीच वंशावळ.

मत्स्यालयाचं या प्राण्यांशी नातं उद्घाटनाच्याच वर्षापासूनचं आहे. वादळात आईपासून तुटलेली पिल्लं किनाऱ्यावर सापडतात. आधी माणसंच त्यांना बाटलीने दूध पाजून वाढवत, पण अशी पिल्लं माणसांना सोकावत आणि समुद्रात सोडली तरी होड्यांकडे येत. 2001 पासून पद्धत बदलली. पिल्लू मत्स्यालयातल्या एखाद्या मोठ्या मादीच्या ओटीत घालतात आणि ती त्याला शिंपला फोडायला, खेकडा धरायला शिकवते. टूला नावाची मादी ही अशी पहिली मानलेली आई. पिल्लाला हात लावायची वेळ आलीच तर कर्मचारी काळा झगा आणि चेहरा झाकणारा मुखवटा घालतात, म्हणजे दूध देणारा हा प्राणी माणूस आहे हे पिल्लाला कळू नये. दुमजली टाकीत दिसतात त्या माद्या समुद्रात परत जाऊ शकत नाहीत अशा, आणि त्यांतल्या काहींनी अशी पोरं वाढवलेली असतात. पिल्लांचं पालनपोषण मात्र प्रेक्षकांच्या नजरेआड चालतं.

या पिल्लांचं पुढे काय झालं याचा हिशेबही ठेवला गेला. जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडलेली पिल्लं आणि त्यांची संतती यांच्यामुळे पंधराएक वर्षांत तिथल्या पाणमांजरांच्या वाढीचा निम्म्याहून अधिक भाग झाला, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

केल्पच्या जंगलाशी याचा थेट संबंध आहे. काटेरी सी अर्चिन केल्प कुरतडतात आणि पाणमांजरं अर्चिन खातात. 2013 नंतर रोगाने अर्चिन खाणारे तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला आणि उत्तर कॅलिफोर्नियात, जिथे पाणमांजरं उरलेलीच नाहीत, अर्चिननी केल्पची मैलोन्‌मैल जंगलं फस्त केली. मॉन्टेरेच्या आसपासही नुकसान झालं, पण पाणमांजरं होती तिथे केल्पचे तुकडे तग धरून राहिले. टाकीसमोर "क्यूट" म्हणून ओरडणाऱ्या नातीला हे सांगितलं तर ती दुसऱ्यांदा नीट पाहते.

मोठी काच

उघड्या समुद्राचं दालन 1996 चं. टाकीत बारा लाख गॅलन, म्हणजे 45 लाख लिटरच्या आसपास पाणी. कुपा, हॅमरहेड मुशी, हिरवं समुद्री कासव, कधी शेपूट कापून टाकल्यासारखा दिसणारा सनफिश. प्राणी बदलत असतात. सार्डिनचा थवा मात्र नजरेत भरतोच. कोकणातून आलेल्या आजी इथे पहिल्यांदा बोलक्या होतात: "अगो, हे तर आपले पेडवे! एवढे ताजे असून खायचे नाहीत?"

पांढऱ्या शार्कबद्दल हटकून विचारलं जातं. 2004 मध्ये इथे एक लहान मादी 198 दिवस राहिली. त्याआधी कुठल्याच मत्स्यालयात पांढरा शार्क तीन आठवडेही जगला नव्हता. तिने शेजारच्या शार्कना मारायला सुरुवात केली तेव्हा तिला समुद्रात सोडलं. 2011 पर्यंत एकूण सहा शार्क आणले गेले. शेवटचा सोडल्यावर लगेच मेला आणि मग हा उद्योग थांबला. मुलं हिरमुसतात, पण थांबवलं ते ठीकच झालं असं माझं मत.

जेलीफिश आणि खोल समुद्र

जेलीफिशच्या टाक्यांना कोपरे नसतात. गोलाकार टाकीत पाणी हळूच फिरत ठेवतात, नाहीतर ती कोपऱ्यात अडकून फाटतात. निळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी सी नेटल, तिचे लांब धागे आणि फिरतं पाणी. फोटो इथेच सर्वांत चांगले येतात. फ्लॅश बंद ठेवावा.

खोल समुद्राचं दालन 2022 मध्ये उघडलं. मॉन्टेरेला ते का, तर उपसागराच्या मधोमध एक प्रचंड दरी आहे. तिचा उगम किनाऱ्याला इतका खेटून आहे की सकाळी निघालेली संशोधन नौका थोड्याच वेळात हजारेक फूट खोल पाण्यावर पोचते. डेव्हिड पॅकार्ड यांनी 1987 मध्ये स्थापलेल्या संशोधन संस्थेची यंत्रं तिथे उतरतात. दालनात उजेड मुद्दाम मंद आहे. पोटाशी गडद तांबडा असणारा कोम जेली इथे पाहावा. खोल पाण्यात लाल प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे लाल प्राणी तिथे काळाच, म्हणजे अदृश्य. पोट लाल असण्याचा फायदा असा मानतात की गिळलेलं चमकणारं भक्ष्य बाहेरून दिसत नाही. अंधारात अडखळणाऱ्या ज्येष्ठांचा हात धरून चालावं.

मुलं, म्हातारी माणसं आणि थंडी

हात लावायच्या उथळ टाक्यांत पाकटासारखे बॅट रे आणि तारामासे असतात. दोन बोटांनी, हलकेच, हात ओला करून. मोठ्यांनीही लावून पाहावा. पाकटाची पाठ मऊ लागते याचं सगळ्यांनाच नवल वाटतं. किनाऱ्याच्या दालनात काचेच्या बोगद्यावर ठरावीक वेळाने लाट येऊन फुटते. पाच वर्षांखालचं मूल तिथून हलत नाही, तेव्हा एका मोठ्याने तिथेच थांबावं आणि बाकीच्यांनी पुढे जावं, हेच शहाणपणाचं.

तिकीट तारखेचं असतं आणि आधी ऑनलाइन काढून ठेवावं लागतं. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. दार उघडायच्या वेळी हजर असाल तर पहिला तासभर केल्पसमोर मोकळी जागा मिळते. शाळांच्या सहली नंतर येतात. उलट दुपारी तीननंतर गर्दी ओसरते, तो वेळ मोठ्या काचेसाठी राखावा.

उन्हाळा म्हणून कपड्यांत चूक होते. सॅन होजेत कडक ऊन असताना जून-जुलैत मॉन्टेरेला धुकं आणि बोचरा वारा असतो. कारण वसंतापासून वाहणारे वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकलतात आणि खालचं थंड, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. केल्प, सार्डिन, देवमासे, सगळ्यांचं पोट त्यावरच. आई-बाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी गाडीत असू द्यावी. निवांत ऊन हवं तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

सॅन होजेहून सत्तरेक मैल, साधारण दीड तास. 101 वरून जाताना गिलरॉयला लसणाचा वास येतो, कॅस्ट्रोव्हिलला आर्टिचोकची शेतं लागतात. मत्स्यालयात उपाहारगृह आहे, पण शाकाहारी घरच्यांना पोटभर मिळेलच असं नाही. ठेपले किंवा दशम्या बरोबर ठेवून बाहेर बंदराच्या बाजूला खाव्यात. सीगल मात्र हातातला घास पळवतात.

आतल्या गच्च्यांवर जायला विसरू नये. दुर्बिणी लावलेल्या असतात. केल्पच्या तरंगत्या पसाऱ्यात सील आणि रानटी पाणमांजरं दिसतात, पुष्कळदा टाकीतल्यांपेक्षा जास्त वेळ. खालच्या मोठ्या डबक्यात समुद्राचं पाणी भरती-ओहोटीबरोबर स्वतःच ये-जा करतं.

मासे खाणाऱ्यांसाठी

1999 पासून मत्स्यालय 'सीफूड वॉच' नावाचा उपक्रम चालवतं. कुठला मासा कुठल्या पाण्यातला, कोणत्या जाळ्याने धरलेला, यावरून हिरवा, पिवळा, लाल अशा याद्या. अमेरिकेतल्या दुकानात मासे घेताना त्या उपयोगी पडतात. आपल्या किनाऱ्याला त्या जशाच्या तशा लागू नाहीत. पण प्रश्न तोच: 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं आणि तरी तळहातापेक्षा लहान पापलेटं बाजारात विकली जातातच. आजींच्या पेडव्यांवरून निघालेली चर्चा इथपर्यंत यायला वेळ लागत नाही.

परतताना

घरी जाताना मॉस लँडिंगला थांबता येतं. महामार्ग 1 वर जुन्या वीज केंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसल्या की आलंच. समुद्राखालची ती दरी अगदी इथूनच सुरू होते आणि एल्कहॉर्न स्लू इथेच समुद्राला मिळते. बंदराच्या शांत पाण्यात पाणमांजरं उताणी तरंगत असतात, छातीवर दगड ठेवून शिंपला आपटताना ठकठक ऐकू येते. इथे तिकीट नाही, काच नाही आणि वेळेचं बंधनही नाही. मात्र 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. किमान 60 फुटांचं अंतर ठेवावं, खायला काही टाकू नये. त्यांतल्या एखाद्याने खाणं थांबवून मान वर केली आणि तुमच्याकडे रोखून पाहिलं, तर तुम्ही फार जवळ आला आहात असं समजून मागे व्हावं.